घोरणं जाळणारी स्काइद्रीते

टपाल वाटून निवृत्त झालेली स्काइद्रीते कुणाची भीडभाड ठेवत नाही. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी आमच्या लाटव्हियातल्या गावात दोरानं ओंडका ओढत घरोघर फिरवतात. ज्यानं त्यानं आपली वर्षाची पीडा त्याला सांगायची आणि अंधार पडला की तो जाळायचा. बाकीचे कुजबुजतात. ही मात्र तीस वर्षं नवऱ्याचं नाव घेऊन साऱ्या गावाला ऐकवायची, "आमच्या इमांट्सचं घोरणं जळू दे!"

गेल्या वर्षी ओंडका जळाला आणि आठवड्याभरात डॉक्टरांनी इमांट्सला झोपताना लावायचा, नळीतून हवा देणारा मुखवटा दिला. घोरणं बंद! ओंडका पावला म्हणून हिनं खारवलेलं डुकराचं मांस घातलेले वाटाणे गावभर वाटले.

यंदा ओंडका पेटवायला गेलो, तर त्याच्या ढोलीत नळीसकट तोच मुखवटा.

"अगं बये, हा इथे कसा?" इमांट्स ओरडला. "घोरणं जळावं म्हणून तूच बोंबलत होतीस ना?"

"होते. मूर्ख होते," ती फणकारली. "वर्षभर रात्री दहादा उठून तुझ्या नाकापुढे हात धरतेय. घोर मेल्या, म्हणजे मला झोप लागेल."