गुणाबाईंच्या मेंदूतल्या फटी

कंग्राळीच्या गुणाबाईंचा मेंदू मी त्यांच्या नवऱ्याचा समजले. आमच्याकडे नावं झाकूनच मोजमाप करतात, म्हणून ती चूक झाली.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती पाण्याने भरलेल्या बारीक फटी असतात. एमआरआयवर त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. वय, बीपी, डोक्याला बसलेला मार यांनी त्या रुंदावू शकतात. बेळगावच्या आमच्या दवाखान्यात जुन्या पैलवानांच्या फटी मोजायचं काम चाललं होतं. तुलनेला डोक्याला कधीच मार न लागलेली माणसं हवी होती. नवऱ्यासोबत, मष्णू पैलवानांसोबत, आलेल्या गुणाबाईंनाही आम्ही त्यात घेतलं. 'डोक्याला मार?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहायला सांगितलं.

त्याच दिवशी चहा गार निघाला म्हणून मष्णूंनी व्हरांड्यात सगळ्यांदेखत बायकोच्या कानशिलात अशी हाणली की बाई भिंतीवर आदळल्या. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, तर गुणाबाईच मला समजावू लागल्या.

"सोडा आक्का. कुस्तीत डोस्कं हललंय त्यांचं. त्यांचा दोष न्हाय. आता मशिनीत दिसंल की."

तीस वर्षं त्या एवढ्या एका समजुतीवर तग धरून होत्या. आता ती त्यांना कागदावर हवी होती. मला त्यांचा रागच आला. एवढं डोळ्यांनी बघूनही फॉर्ममधलं 'नाही' बदलायचं मला सुचलं नाही, त्याची आजही लाज वाटते.

त्या दिवशी काढलेल्या दोन स्कॅनपैकी सतरा नंबरच्यात ठिपकेच ठिपके होते, काही तर तीन मिलिमीटर रुंद. "हाच पैलवान," मी आमच्या प्रमुख डॉक्टर निवेदितांना छातीठोकपणे सांगितलं. नाव उघडलं, तर गुणाबाई. मष्णूंचा मेंदू वयाच्या मानाने ठणठणीत होता.

निवेदितांनी दोघांना समोर बसवलं. "नुसत्या फटींवरून कारण सांगता येत नाही. पण गुणाबाई, डोक्याला मार लागलाय का कधी?"

"मी कुठं कुस्ती खेळलोय? घरातला मार बी मोजायचा व्हय?"

"मोजायचा."

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आन् ह्यांचं डोस्कं?"

"चांगलं आहे."

"तोंड बंद कर, चल घरला!" मष्णूंनी हात उगारला. गुणाबाईंनी बुडाखालचं लोखंडी स्टूल उचललं आणि त्या हातावर घातलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऐकला.

"शाना असून मारत हुतास मला?" तीस वर्षांत बाई पहिल्यांदाच नवऱ्याला अरेतुरे करत होत्या. "डोस्कं चांगलं असून?"

त्यांनी स्टूल पुन्हा उचललं. निवेदिता मधे धावल्या. मी जागची हलले नाही.