न उडालेलं काडतूस

सावद्याच्या केळीतलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ठाण्यात दुपारचा डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात अंमलदाराने फोन पुढे केला. गावातला एकजण सांगत होता, थोरल्याने धाकट्या चुलतभावाला गोळी घातली. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं पेटलेलं होतंच. डबा तसाच राहिला.

धाकटा जळगावच्या दवाखान्यात आणि थोरला स्वतःच रायफल घेऊन ठाण्यात हजर. आजोबांच्या शिकारीच्या काळातली ती मोठ्या नळीची रायफल, परवाना वारसाने आलेला, वापर केळीत शिरणाऱ्या डुकरांसाठी. मी आवाज चढवून विचारलं, पण पठ्ठ्या एकच घोकत होता.

"डुकरावर चाप ओढला साहेब, नुस्तं खट्ट झालं. दुसरं काडतूस घातलं, तेबी खट्ट. बंदूक खाली केली तं मंग वाजली. मले भावाले मारायचं नव्हतं."

हवालदार हसले. उशिरा वाजणारी बंदूक त्यांनी कधी पाहिली नव्हती. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं असतं तर हा गडी कित्येक वर्षं आत गेला असता.

अंगझडतीत त्याच्या खिशातून एक न उडालेलं काडतूस निघालं, बुडाच्या टोपीवर चापाचा ठोका पडलेला. विकतची काडतुसं मिळेनात म्हणून बहाद्दराने रिकाम्या पुंगळ्या घरीच दारू घालून भरल्या होत्या. आणि ठेवल्या कुठे, तर ठिबकच्या पंपघरात, ओलीत, युरियाच्या गोण्यांवर. मी कपाळाला हात लावला. प्रयोगशाळेनेही पुढे तेच कळवलं: दारूला ओल लागलेली, त्यामुळे काही काडतुसं पेटत नाहीत, काही उशिरा पेटतात.

पण एवढ्यावरून हेतू ठरत नाही. मला खटकत होती ती जखम. गोळी समोरून नडगीचं मांस घेऊन गेली होती आणि पायजम्यावर दारूचे जळके डाग होते, म्हणजे धाकटा अगदी जवळ उभा होता. भांडणात रायफल धरलेल्या माणसाकडे चालत कोण जातं?

हेच मी त्याला दवाखान्यात विचारलं. थोरला आत गेला की विहीर आपलीच, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

तरी तो म्हणाला, "पयलं काडतूस फुसकं निघालं, मले हसू आलं. चिडवाले जवळ गेलो व्हतो. त्यानं माह्यावर नेम धरला नाही, साहेब. इहिरीचं भांडण मी कोर्टात भांडीन. इहिरीसाठी खोटं कशाले बोलू?"

मला फार बरं वाटलं. तिथेच जबाब लिहून घेतला. ते मोठं कलम टळलं. घरी काडतुसं भरल्याचा गुन्हा मात्र मी दाखल केला आणि परवानाही रद्द करायला लावला. तिथे दयामाया नाही.

वैर दिसलं की पोलिसाला गुन्हा आयता सापडल्यासारखा वाटतो. त्या दिवसापासून मी वैऱ्याचा जबाब आधी ऐकू लागलो.

विहिरीचा दावा अजून चालू आहे. तारखेला दोघे एकाच मोटारसायकलवरून कोर्टात जातात. धाकट्याचा पाय आखडतो, म्हणून चालवतो थोरला.