तळाचा वाटा

“शोभे, तू बरणीला हात नको लावू गं बया. तुझ्या हाताला यश न्हाई,” वैजयंता म्हणाली.

कैरीचं लोणचं घालायला गल्लीतल्या आम्ही पाच जणी माझ्या ओट्यावर बसलो होतो. शोभाची मूठ फोडींनी भरलेली, बरणीच्या तोंडापाशी. तिने फोडी परत परातीत टाकल्या, हसली आणि भांडी घासायला मोरीकडे गेली. तिच्या हाताला यश का नाही, हे त्या ओट्यावर फक्त मला माहीत होतं. मी मसाला कालवत होते. कालवत राहिले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही — तो गेला. सुनेला नाही — ती सांगत सुटेल. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही इथं राहाता गावी आमच्या गल्लीत राहत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. लांबण लावायची सवय नाही. तरी या एका गोष्टीभोवती मी किती दिवस घिरट्या घालते आहे.

आधी चांगलं सांगते, ते सांगायला सोपं.

बाजारात एकेकीने पाव-पाव किलो घेतलं की भाजीवाला भाव उतरवत नाही, आणि दबलेला माल हळूच पिशवीत सारतो. मग पुणतांब्याची हिराबाई भेटली. तिचा भाजीचा मळा. व्यापारी तिचा देखणा माल तेवढा उचलायचा, वाकडंतिकडं तिला बांधावर फेकावं लागायचं. आम्ही पाच घरांनी तिला शब्द दिला — बरं-वाईट सगळं घेऊ, निवडणार नाही, पण भाव बाजारापेक्षा कमी लाव. तिचं फुकट जात नव्हतं, आमचं भागत होतं. ती मोबाईलवर क्रेटचा फोटो टाकते आणि सकाळच्या टेम्पोने माल येतो. क्रेट उतरला की आम्हाला माहेरचं माणूस आल्यासारखं होतं. एकदा दोन तंगड्यांचं गाजर निघालं. त्यावर आम्ही अर्धा दिवस हसलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही.

मग वाटे घालायचे. गोणपाटावर पाच वाटे, एका रांगेत. वरचा माल आधी निघतो, म्हणून शेवटचा वाटा क्रेटच्या तळाचा — चेपलेला, फुटका, किडका. तो सगळ्यांत मिसळला तर सगळ्यांचंच लवकर नासतं, म्हणून वेगळा. तो कुणाला जाईल ते नशिबावर. एकीने वाट्यांकडे पाठ करून बसायचं. दुसरीने कुठल्याही वाट्यावर हात ठेवून विचारायचं, “हा कुनाचा?” पाठमोरीने नाव घ्यायचं. आमच्या आज्यांपासूनची रीत. भांडणाला जागाच नाही.

पाठमोरी बसायची मी. का? मी तोंडावर बोलते म्हणून. फटकळ बाई लबाड नसते असं लोकांना वाटतं.

हात ठेवायची वैजयंता. तिच्या दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या बांगड्या. आणि तळाचा वाटा शेवटी पडायचा, म्हणून कायम भिंतीकडच्या टोकाला. बांगड्या भिंतीकडे वाजल्या की — कळलं ना तुम्हाला?

पहिल्यांदा मी फक्त स्वतःला वाचवलं. पण माझं नाव सोडायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी घ्यायला हवं. वैजयंताचं घेतलं असतं तर ती दिवे लागेपर्यंत बोलली असती. बाकी दोघी माझ्या नात्यातल्या. उरली शोभा. समोरच्या घरात नवीन भाडेकरू, नवरा शिर्डीला हॉटेलात कामाला, दोन लहान मुली. ती भांडत नव्हती. एवढंच कारण. तिच्यावर माझा राग नव्हता. असता तर हे बरं झालं असतं का?

सहा वर्षं चाललं. संशय नको म्हणून अधूनमधून तळाचा वाटा मी स्वतःला घ्यायची, एखादा वैजयंताला द्यायची. बाकीचे शोभाला. कान इतका तयार झाला की उजवा हात आहे की डावा तेही कळायचं. आणि खरं सांगू? मजा यायची. चांगला वाटा पदरात पडला की दिवसभर नवीन लुगडं नेसल्यासारखं वाटायचं.

गल्लीत मात्र शोभाच्या फुटक्या नशिबावर बोलणं सुरू झालं. आधी थट्टा होती, मग थट्टा राहिली नाही. बारशाला बाळ पाळण्यात घालायला सगळ्या पुढे, शोभा भिंतीला टेकून. पापडाच्या पिठाला तिचा हात नको. लोणच्याचं तर सुरुवातीलाच सांगितलं. तिची धाकटी एकदा दारात विचारत होती, “आई, आपलीच भाजी का गं सडकी?” मी समोर ओट्यावर गोल, लुसलुशीत वांगी चिरत होते. कूट घालून भरली वांगी केली. फार छान झाली होती, खोटं कशाला बोलू.

मग एका हिवाळ्यात टेम्पो खड्ड्यात आदळला आणि टोमॅटोचे चारही क्रेट एकावर एक पडले. हिराबाई टेम्पोतच बसून आली होती. तोंड उतरलेलं. “घेऊ नका बायांनो, वढ्यात फेकून देते,” म्हणाली. शब्द दिलेला होता, पण वैजयंता नाक मुरडून उभी, आणि मीही. तळाचेच पाच वाटे — यात माझे कान काय करणार?

शोभा घरातून विळी घेऊन आली. पदर खोचला. “वाटे कशाला घालताय? चूल पेटवा,” म्हणाली.

त्या दिवशी आम्ही पाहिलं. फुटके एका पातेल्यात, त्यांचं सार. कच्चे हिरवे तव्यावर भाजून शेंगदाण्याबरोबर ठेचा. डागाळलेले कापून चांगला भाग कडक उन्हात, कापडावर. डाग कुठवर गेलाय हे ती बोटाने दाबून सांगत होती. जून गवारीच्या बियांची आमटी, किडक्या वांग्याच्या मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेल्या फोडी — तिच्या घरातून डबेच्या डबे निघाले. दुपारी गल्लीत पंगत बसली. बाजरीच्या भाकरी कमी पडल्या, पुन्हा थापल्या. हिराबाई तीन वेळा सार प्यायली. वैजयंताने ताट बोटाने पुसून खाल्लं.

“शोभे, ह्ये कुठं शिकलीस गं?”

“तळाच्या वाट्यानं शिकवलं, अक्का.”

सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने मी हसले. तसं जेवण मी त्याआधी कधी जेवले नव्हते, आणि त्यातला प्रत्येक घास मला माहीत होता कुठून आला तो.

पुढच्या उन्हाळ्यात लोणच्याला वैजयंतानेच तिला हाक मारली. पहिली मूठ शोभाने घातली. लोणचं वर्षभर टिकलं.

मी म्हणू शकते की माझ्यामुळे ती शिकली. म्हणत नाही. चांगला वाटा मिळाला असता तर तिच्या मुलींनी चांगली भाजी खाल्ली असती, इतकं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं.

आणि मी लगेच थांबलेही नाही. त्या पंगतीनंतर आणखी दोनदा तिचं नाव घेतलं. वांगी फार चांगली होती. तिसऱ्या वेळी नाव तोंडातून निघेना, तेव्हा कान दुखतो असं सांगून उठले. तेही खोटं. आता वैजयंताची सून चिठ्ठ्या टाकते.

शोभा समोरच राहते. तिला हे माहीत नाही. सहा वर्षं प्रत्येक बारशाला भिंतीला टेकून उभी राहिली ती शोभा. पाळण्यापाशी मी होते.