साळवेच्या डोळ्यांचा हेवा

साळवे गेल्याची बातमी घेऊन आमचा म्हातारा शिपाई किसनमामा कचेरीत आला, तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं ते खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलाकडे. वाईट वाटलं ते नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की आता हे टेबल माझं. लिहायला लाज वाटते, पण मेलेल्या माणसाबद्दल गोडगोडच लिहायचं तर मग लिहायचं कशाला… सव्वा महिना झाला त्याला. कावीळ झाली होती. जायच्या चार दिवस आधी मी त्याला दवाखान्यात बघायला गेलो, तेव्हाही माझी नजर आधी त्याच्या डोळ्यांवर गेली. पिवळेजर्द झाले होते. इतके जपलेले डोळे असे झाले म्हणून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठंतरी बरंही वाटलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "वाकचौरे, मधनंमधनं लांब बघता का न्हाई?" मी हो म्हणालो. खोटंच.

याकोब साळवे मूळचा पुणतांब्याचा. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मोजणी कचेरीत आम्ही दोघं नकाशांच्या नकला करायचो. तालुका कुठला ते सांगत नाही, माणसं अजून नोकरीत आहेत. जुना गावनकाशा खाली, त्यावर ट्रेसिंगचं निळसर पातळ कापड, आणि बारीक टोकाचा टाक. शेतांचे बांध, ओढे, पायवाटा, हद्दीचे दगड, विहिरी, सगळं जसंच्या तसं गिरवायचं. दिवसभर नाक कापडाला टेकलेलं. नोकरीत मी त्याला एका वर्षानं वरचा, पण अक्षर त्याचं मोत्यासारखं आणि माझं कोंबडीचे पाय. तोंडावर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, मनात मात्र मी त्याला कायम अरे-तुरेच केलं.

डोळे जपायचं वेड त्याला बापाकडून आलेलं. बाप मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली. साळवेनं आल्या आल्या साहेबांना विनंती करून खिडकीजवळचं टेबल मिळवलं, तेही असं वळवून घेतलं की उजेड डाव्या हाताकडून यावा आणि हाताची सावली कागदावर पडू नये. घड्याळाच्या काट्यावर अर्ध्या अर्ध्या तासानं टाक खाली ठेवायचा, खिडकीत उभं राहून लांबच्या डोंगराकडे बघत राहायचा. माठातलं गार पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांवर मारायचा, पण डोळा चोळायचा नाही कधी. चार वाजून गेले की बारीक काम बंद, मग पत्रं-बित्रं. मी म्हणायचो, "काय साळवे, डोंगर पळून जातोय का?" तो म्हणायचा, "बैलाला बांधावर उभं करता का न्हाई घटकाभर? मग डोळ्याला बी करा की. त्यो बी औतालाच जुंपलाय." सगळी कचेरी हसायची, त्याच्या बाजूनं. माझ्या डोळ्यात ते फार खुपायचं. घरी बायको सांगायची, साळवेभावजींसारखं करा, तुम्ही पेपर किती लांब धरता हल्ली… मग तर जेवण गोड लागायचं नाही.

कारण बायकोचं खरं होतं. माझी नजर उतरली होती. बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. पण चष्मा लावायची छाती नव्हती. आमच्या आधीच्या जुन्या ट्रेसरला चष्मा लागला आणि महिन्याभरात तो आवक-जावकच्या टेबलावर लखोटे चिकटवत बसला, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की चष्मा लागला की नकाशा सुटला. आणि नकाशाशिवाय मला येत होतं काय? मी चोरून त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायचो आणि ठणठणीत असल्याचा आव आणायचो.

बहात्तरच्या दुष्काळात माझं पितळ उघडं पडायची वेळ आली. डोंगराकडच्या गावचा एक शेतकरी नक्कल हातात घेऊन थेट आमच्या खोलीत शिरला. "ह्यात माज्या रानात हिर दावलीय. चुलतभाऊ म्हनतो, हिरीत माजा निम्मा हिस्सा. रानात हिर न्हाईच तर हिस्सा कशाचा देऊ? आन् सरकारनं हिर दिलीच हाय तर पानी बी द्या की!" नक्कल माझी होती. मूळ नकाशा काढून बघितला तर त्या जागी माशीची घाण पडून वाळलेली. ते काळं टिंब मी विहीर म्हणून इमानदारीनं गोल काढून दिलं होतं. साळवे उठला, नक्कल हातात घेतली, ब्लेडनं ती विहीर हलक्या हातानं खरवडली, नखानं कापड घोटलं आणि म्हणाला, "घ्या, बुजवली तुमची हिर. आता भावाला सांगा, निम्मा हिस्सा माशीचा." तो शेतकरी उन्हातान्हात एवढा चालून आलेला, तरी हसला. साहेबांपर्यंत काही गेलं नाही.

संध्याकाळी सायकली काढताना साळवे हळूच म्हणाला, "वाकचौरे, डोळं दावून घ्या. मी येतो संगं." मी काय म्हणालो असेन? "माझी जागा पाहिजे तुम्हाला, म्हणून माझे डोळे आंधळे ठरवताय." असंच, याच शब्दांत. त्यानं सायकलचं पायडल उगाच दोनदा फिरवलं आणि गेला. पुन्हा त्यानं माझ्या डोळ्यांचा विषय काढला नाही, दवाखान्यातल्या त्या दिवसापर्यंत.

त्यानंतर दीड वर्षात माझ्या नकलेची एकही शीट साहेबांकडून दुरुस्तीला परत आली नाही. मी छाती फुगवून फिरायचो. साळवेच्या देखत मुद्दाम म्हणायचो, की नजर लागते ती जातिवंत, डोंगर बघून येत नाही. त्याच सुमाराला तो सकाळी नऊलाच यायला लागला, कचेरी साडेदहाची असताना. साहेबांच्या नजरेत भरायचा डाव, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. आदल्या दिवशी पुऱ्या झालेल्या सगळ्यांच्या शीटी सामाईक कपाटात असायच्या आणि दुपारी साहेब त्या तपासून सही करायचे. यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

तो गेल्यावर आठ दिवसांनी मी खिडकीजवळ बसायला लागलो. डाव्या हाताकडून उजेड, समोर डोंगर, सगळं मनासारखं. आणि पहिल्या पंधरवड्यात माझ्या तीन शीटी परत आल्या. मग आणखी दोन. हद्दीचे दगड सुटलेले, ओढ्याचं वळण चुकलेलं, आकड्यांत एक आणि नऊची अदलाबदल. साहेबांनी मला बोलावलं. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच मेल्यासारखं झालं. "वाकचौरे, तुमचं काम इतकं चोख असायचं. साळवे गेल्याचं मनाला लावून घेतलंत का?" मी मान खाली घातली. मग एकदम तोंडातून निघून गेलं, "साहेब, मला दिसत नाही." साहेब म्हणाले, "मग चष्मा घ्या! चष्मा लावून ट्रेसिंग करू नये असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या जुन्या ट्रेसरचं विचारलं, तर म्हणाले, त्यानं स्वतःच अर्ज करून ते टेबल मागून घेतलं होतं, पाठ दुखते म्हणून.

नगरला जाऊन चष्मा करून आणला. परत आल्यावर एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. दीड वर्ष माझे डोळे आंधळे, तर काम चोख कसं? किसनमामाला विचारलं, "साळवे सकाळी नऊला येऊन काय करायचे हो?" तो टेबल पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "तुमच्याच शीटी बघायचं की. ब्लेड घिऊन बसायचं खिडकीत. मला वाटलं, तुमीच सांगितलं आसंल."

मी गेल्या वर्षाची माझी एक शीट कपाटातून काढून उजेडात धरली. चष्म्यातून पहिल्यांदाच स्वतःचं काम नीट बघितलं. जागोजागी कापड खरवडून नखानं घोटलेलं, हाताला लागणारही नाही इतकं सफाईनं. चार वाजल्यानंतर बारीक कामाला हात न लावणारा माणूस सकाळचा पहिला उजेड, डोळे ताजे असतानाचा, माझ्या चुकांवर घालवत होता… मी त्याला जागेचा भुकेला म्हणत असताना. आणि जिथं जिथं त्यानं आकडे नव्यानं लिहिले होते, तिथं ते त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात नव्हते. माझा बसका पाच होता. माझ्या नऊची उगाच लांब गेलेली शेपटी होती. साहेबांना कळू नये म्हणून साळवे माझ्यासारखं वाकडं लिहायला शिकला होता. मी बराच वेळ तो नऊ बघत उभा होतो. माझ्या हातून कधी उतरला नसता इतका तो माझा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटला.