कोलंबोला निघालो, कुरवंड्याहून परतलो

कोलंबोला जायचं की नाही, याचा खल आमच्या घरी पितृपक्षापासून चालला होता. माझे धाकटे दीर दत्तूभावोजी लढाईच्या आधीच एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून तिकडे गेले. लढाई पेटली आणि रजा मिळेना. सासूबाईंनी त्यांना पाहिलं ते तेव्हाचंच. गेल्या वर्षी त्यांनी कळवलं, "दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीच सगळे या. खोली मोठी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो." आमच्या ह्यांची तळेगावात शाळामास्तरकी, म्हणजे सुट्टी होतीच. सुट्टीबरोबर मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, तापही होता, एवढीच अडचण.

ह्यांचं म्हणणं, मुंबईतला जोर ओसरलाय, वर्तमानपत्रात आलंय. माझं म्हणणं, पोरीला ताप भरला तर वर्तमानपत्रवाले काढा द्यायला येणार नाहीत. आमची यमू सहा वर्षांची, अंगाने काडी. समुद्र ओलांडण्याबद्दल आळीत कुजबुज झाली, ती सासूबाईंनी एका वाक्यात मिटवली, "रामराया गेला तेव्हा त्याला कुणी प्रायश्चित्त विचारलं नव्हतं." जायचं की नाही यावर मात्र त्या काही बोलत नसत. "तुमचं ठरू द्या," म्हणायच्या आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसायच्या. ती दत्तूभावोजींसाठी होती. कोलंबोत गोधडी लागण्याइतकी थंडी पडत नाही, हे त्यांना सांगण्याचं धाडस कुणी केलं नाही.

ठरलं काहीच नव्हतं, आणि दसरा आला. साडेतीन मुहूर्तांतला एक, तो फुकट कसा घालवायचा? म्हणून प्रस्थान ठेवलं. मुहूर्त आज आहे आणि निघायचं पुढे आहे, अशा वेळी आपल्या सामानातलं एक बोचकं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. बोचकं उंबऱ्याबाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला. प्रत्यक्ष जाताना ते उचलायचं आणि पुढे चालायचं. सासूबाईंनी त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि ती गोधडी बांधली, आणि स्टेशनच्या वाटेवर राहणाऱ्या सखूमावशीकडे ठेवून आल्या. सखूमावशी आम्हाला दूध घालते. अशा रीतीने जायचं की नाही हे ठरायच्या आधीच आम्ही निघालेलो होतो. हा प्रकार आमच्यासारख्यांनाच जमतो.

निघालो त्या सकाळी सखूमावशी दारातच उभी होती. बोचकं सासूबाईंच्या हातात देत म्हणाली, "आक्का, निर्मळ हाय बगा. पोरांचा हात लागू दिला न्हाई. जपून जावा." तिचा आवाज बसला होता. शेजारच्या घरात आदल्या दिवशी दोघं गेले होते.

तळेगावहून लोणावळ्यापर्यंतची पॅसेंजर एरवी मोठी गमतीची. वडगाव, कामशेत, मळवली अशी दमेकऱ्यासारखी थांबत जाते, कार्ल्याचा डोंगर दिसला की फराळाचे डबे उघडतात. त्या दिवशी डब्यात बोलणं नव्हतं. गळ्यात कापराच्या पुरचुंड्या, तोंडाला पदर. कुणी खोकलं की बाक रिकामा. पावसानेही दगा दिलेला, त्यामुळे दोन्ही अंगांची भातं पोटरीतच वाळलेली. कामशेतच्या पुढे नदीकाठी एकाच ठिकाणी बरेच धूर दिसले. यमूने विचारलं, "एवढी होळी कशाला?" ह्यांनी खिडकी लावून घेतली. जाणाऱ्यांना एकच सांगते: प्रवासात बाहेरचं काही घेऊ नका. आम्ही सासूबाईंच्या सोवळ्यातल्या दशम्या आणि तांब्याभर पाणी यांवर होतो.

लोणावळ्यात ह्यांचे मामेभाऊ अण्णा रेल्वेत पार्सलबाबू आहेत. दोन दिवस त्यांच्याकडे थांबून मुंबईची आणि बोटीची खबर घ्यायची, मग पुढे, असा बेत होता. स्टेशनवर एकच टांगा. टांगेवाल्याने दुप्पट मागितले आणि वर म्हणाला, "बसा न्हाईतर ऱ्हावा. दुसरा टांगेवाला आता येनार न्हाई." कुठे गेला ते आम्ही विचारलं नाही. साहेबांचे आणि शेठजींचे बंगले कुलपात होते. एरवी या दिवसांत हवा खायला येणाऱ्यांची इथे झुंबड असते. हवा तीच होती, थंड आणि स्वच्छ, आणि तिचीच सगळ्यांना भीती.

अण्णा हसरा माणूस. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि हसले नाहीत. जेवणं झाल्यावर पडवीत ह्यांना म्हणाले, "बोट सुटेल असं कळलंय. पण कधी, ते कुणी सांगत नाही. तोवर मुंबईत राहावं लागेल आणि धर्मशाळा आजाऱ्यांनी भरल्यात. कोलंबोला पोचलात तरी लगेच उतरू देत नाहीत. वेगळ्या छावणीत ठेवतात, ताप नाही ना बघायला. तिथे कुणाला ताप भरला, की तो एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे."

"लहान मूल असलं तरी?" मी आतून विचारलं.

"मूल असलं तरी, वहिनी."

मला तेवढं पुरे होतं. ह्यांना मात्र होईना. "प्रस्थान ठेवून निघालोय. आता आईला कोणत्या तोंडाने सांगू?" म्हणून ते सुपारी कातरत बसले. खात एकही नव्हते. मी म्हटलं, "तुम्हाला नसेल जमत तर मी सांगते." ते म्हणाले, "तू सांगितलंस तर तिला वाटेल, सुनेने अडवलं." हेही खरं होतं. सासूबाई कोपऱ्यात बोचक्यावर हात ठेवून पडल्या होत्या. त्यांना झोप लागली आहे असं आम्ही दोघं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, आईला निदान घाट तरी दाखवू. अण्णांच्या ओळखीची बैलगाडी मिळाली. कुरवंडे गावाकडचा रस्ता खडीचा, हाडं खिळखिळी करणारा, म्हाताऱ्या माणसाला न्यायचं तर खाली पेंढा जाड घाला. गावाच्या पलीकडे नागफणीचा कडा आणि त्याखाली अख्खं कोकण पसरलेलं दिसतं, असं ऐकून होतो.

गावाच्या तोंडाशीच गाडी थांबली. वाटेवर बोरीबाभळीच्या काट्यांचं आडवं कुंपण घातलं होतं. पलीकडे घोंगडं पांघरून एक म्हातारे आबा बसले होते. आम्हाला पाहून उठले, पण पुढे आले नाहीत.

"पाव्हनं, तितंच थांबा. तुमी वाईट न्हाई, वारं वाईट हाय. पानी ठिवलंय त्या झाडाखाली. प्या आन् भांडं पालतं घाला."

"आम्हाला कडा बघायचा होता," हे म्हणाले.

"त्या टेकाडावर जावा. तितनं दिसतंय समदं."

आम्ही टेकाडाकडे वळलो, पण सासूबाई कुंपणापाशीच उभ्या राहिल्या. त्यांना अनोळखी माणसाशी बोलायला कधी निमित्त लागलं नाही. "हे काटे कुणी घातले, आबा?"

"म्याच."

"घरी कोण कोण?"

"दोन नातवंडं हुती. एक हाय आता." आबा म्हणाले, "थोरल्या लेकाला भेटायला घिऊन गेलतो ममईला. दोन वर्सं भेट न्हवती. वाटलं, पोरं बापाला बगत्याल. भेट झाली. माघारी येताना गाडीतच पोर तापली. काटं आदी घालाया पायजे हुतं, आक्का. लय उशीर झाला."

सासूबाईंनी मान हलवली. मग सावकाश टेकाड चढून आमच्यापाशी आल्या. खाली दरी होती, तिच्यापलीकडे धूसर कोकण, आणि त्याच्याही पलीकडे नुसता पांढुरका पडदा. त्यांनी ह्यांना विचारलं, "बोट कुठून जाते?"

ह्यांनी आधी पश्चिमेला बोट दाखवलं, मग ते डावीकडे दूरवर नेलं. सासूबाई त्या बोटाच्या दिशेने बघत राहिल्या. यमू त्यांच्या पदराशी खेळत होती. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी यमूचा हात धरला आणि म्हणाल्या, "दिसली लंका. आता घरी चला."

"आई, अजून ठरवू—"

"ठरलं. दत्तू मोठा आहे, तो दम धरील."

मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रडू आलं. मी तोंड फिरवलं. गाडीत परत बसेपर्यंत सासूबाईंनी ह्यांना काही बोलू दिलं नाही.

तळेगावला उतरलो तेव्हा नवा पेच. प्रस्थानाचं बोचकं प्रवास न करता घरात परत कसं न्यायचं? सासूबाई वाटेत सखूमावशीच्या दारात थांबल्या. "हे तुझ्याकडेच असू दे, सखू. मी निघालेलीच आहे. जाईन तेव्हा नेईन." प्रस्थान इतके दिवस ठेवत नाहीत हे मावशीलाही माहीत असणार. तिने बोचकं घेतलं आणि उंच खुंटीला टांगलं.

पुढे ताप आमच्याही घरी आला. यमू तापली, मावशीने रोज दूध दारात ठेवलं, सासूबाईंनी रात्रंदिवस उशाशी बसून पोरीला दुखण्यातून उठवलं. बोटीवर असतो तर काय झालं असतं ते देव जाणे. थंडी सरेपर्यंत ताप ओसरला, लढाईही संपली होती. चैत्रात जायचं असं या वेळी खरोखर ठरलं. मुहूर्ताला बोचकं आयतं बाहेर आहे, म्हणून सासूबाई हसायच्या. होळीनंतर एका दुपारी ताक घुसळता घुसळता त्या भिंतीला टेकल्या आणि संपल्या. ताप नव्हता, काही नव्हतं.

मला विचारतात, परत फिरलात ते बरोबर केलंत ना? बरोबरच केलं. यमू समोर सागरगोटे खेळते आहे. तरी एका आईला तिच्या मुलापासून वळवून आणलं, हे मनातून जात नाही, आणि जावं असंही मला वाटत नाही.

सासूबाई गेल्या त्या दिवशी अंगणात माणसं जमली होती, तेव्हा सखूमावशी आली. हातात ते बोचकं. गर्दीच्या कडेला उभी राहून ह्यांना म्हणाली, "मास्तर, आक्कांचं प्रस्थान माज्याकडं ऱ्हायलंय. आता निगाल्या, तर संगं द्याया नगं का?"

हे तोवर रडले नव्हते.

तांदूळ, सुपारी आणि हळकुंड सासूबाईंबरोबर दिलं. गोधडी मी ठेवून घेतली. दत्तूभावोजींना आता रजा मिळाली आहे, या दिवाळीला येतात. मी त्यांना कळवलंय, येताना पांघरूण आणू नका.