अभिजितजवळचं कडं

त्या रात्री काडी मी ओढली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

हैदराबाद राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. उस्मानाबादेत, सगळे ज्यांना चाचा म्हणत, त्यांचा फोटो स्टुडिओ होता, मी शाळेत विज्ञान शिकवायचो. दोघांनी सहा महिने काच घासून दुर्बीण केली आणि त्यांच्या परसात उभी केली. अभिजित ताऱ्याजवळ धुराच्या कड्यासारखी एक बिंबाभ्रिका आहे. म्हाताऱ्या ताऱ्यानं अंगावेगळा केलेला वायू. तिचा फोटो चाचांना दुकानात लावायचा होता, नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध.

"लोक विचारतील, ही कुणाची नवरी?" मी म्हणालो.

"मास्तरांची, म्हणून सांगू. लई लांब ऱ्हाते, म्हणून लग्न अडलंय."

फोटोची काचेची प्लेट एकच उरली होती. तिच्यावर चित्र उमटायला दीड तास लागणार; तोवर मोठीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीत तारा फुलीवर धरून, आकाश सरकेल तसा स्क्रू फिरवत राहायचं. तासभर चाचांनीच धरला, मग पाणी प्यायला आत गेले. वडिलांच्या वयाच्या माणसापुढं विडी ओढायची नाही, ही आमची रीत. तेवढ्यात उरकावी म्हणून मी दुर्बिणीच्या उघड्या तोंडापाशीच काडी ओढली. ते येताना दिसले तशी विडी पायाखाली चिरडली.

सकाळी प्लेट धुतली, तर सगळी काळी; नको तो उजेड लागला की काच अशीच काळी निघते.

"मास्तर, उजेड कुठून शिरला हो?"

"तुमच्या प्लेटा धुवायच्या खोलीला फट असंल," मी म्हणालो. "तुम्हाला आता दिसत नसंल."

दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

चाचा दिवसभर अंधाऱ्या खोलीत फट शोधत बसले. ती नव्हतीच. सापडत नाही म्हणजे डोळे गेले, असं त्यांनी धरलं. महिन्याभरात प्लेटा धुणं भाच्याकडं दिलं आणि स्वतः गिऱ्हाइकांच्या टोप्या सरळ करू लागले. माझी गाठ पडली की म्हणायचे, "तुमची मेहनत नासली माझ्यापायी. माफ करा." मी मान हलवायचो. माफ केल्यासारखी.

चाचा अजून आहेत. हे मी मराठीत लिहितोय, ते उर्दूच वाचतात; म्हणजे इथंही मी आडोसा शोधलाच. त्यांच्यासमोर बसून खरं सांगायचं आणि माफी मागायची, एवढं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.