छातीवरचा नारळ

लोकांच्या जमिनीत पाणी कुठं आहे ते मी सांगतो, पण माझ्याच छातीत काय चाललंय ते मला कळेना. मी पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ धरून चालायचं, खाली पाणी असलं की तो उभा राहतो. गावाकडं, पिशोरला, बापानं शिकवलेली विद्या. दुष्काळाची वर्षं, त्यात शहर पसरत चाललेलं. गारखेड्याच्या नव्या कॉलन्या टँकरवर जगायच्या, अन् बोअरची जागा दाखवायला मला बोलवायच्या.

अशात एके दिवशी पाठीत कुऱ्हाड बसावी तशी कळ आली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती, रक्तानं अस्तराआड दुसरी, खोटी वाट केली होती. डॉक्टरांनी जांघेतून जाळीची नळी सरकवून फाटलेली जागा झाकली. "किती वर्षं मिळतील?" मी विचारलं. "आज नाही सांगता येत. खोटी वाट आटते की फुगते, ते दरवर्षी तपासायचं." मला रागच आला. मी दोनशे फूट खालचं सांगतो, अन् हे एवढे शिकलेले!

वर्षानं तपासणीची तारीख आली, तर मी घरीच आडवा झालो अन् छातीवर नारळ ठेवला. हलला नाही. बायकोला म्हणालो, "आटलंय सगळं. दवाखान्याचं नाव काढू नको." ती फणकारली, "देवाला इचारलं का नुसतं नारळाला?"

आठवड्यानं एका प्लॉटवर गेलो. तिथं स्वतःचं घर बांधणारा अनोळखी मुसलमान भाऊ दवाखान्यात स्कॅनचं मशीन चालवायचा. मी ऐटीत नारळाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. "चाचा, दूसरों के बोअर में हर साल डोरी छोड के पानी देखते, और अपनी नस नारियल से?" मी नारळ पिशवीत टाकला. त्यानं तिथूनच मला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

स्कॅनमध्ये दिसलं, नळीच्या खालच्या टोकाशी रक्त खोट्या वाटेत शिरत होतं, वाट फुगली होती. लगेच दुसरी नळी टाकायची ठरली. आत नेताना खंडोबाला म्हणालो, "देवा, माझी विद्या तुझ्या पायाशी. आता तूच बघ." तेव्हा कुठं जीव हलका झाला.

यंदा डॉक्टर पडद्याकडं बघून हसले. "खोटी वाट पार आटली!" जन्म दुष्काळात गेला माझा, पण काही आटल्याचा आनंद पहिल्यांदाच झाला. मी तिथंच ओरडलो, "येळकोट येळकोट जय मल्हार!" सिस्टर लई दचकली.

तोच नारळ खंडोबापुढं फोडला, अर्धा त्या भावाच्या घरी नेला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला. "अब कितने साल, चाचा?"

"ते वरच्याला ठाऊक," मी म्हणालो. "मी दरसाल तुझ्या मशीनखाली येणार."